तमोविधि व मराठी ख्रिस्तपुराणें

चिमाजी अप्पांनीं इ. स. १७३९ मध्यें वसई घेतली. त्या मोहिमेची खूण म्हणून ज्या घंटा महाराष्ट्रांतील देवळांत टांगलेल्या आढळतात त्यांविषयीं आमच्या संशोधकांनीं वेळोवेळीं लिहिलें आहे. नाशिकास नारोशंकराच्या देवळावरील घंटा, कृष्णाकांठीं मेणवलीच्या घाटावरील घंटा, यांचा आकार, यांवरील अक्षरें, यांचे सन, हें सर्व पाहिलें गेलें, आणि तें योग्यच झालें. परंतु या घंटा ज्या मनोऱ्यांवर पूर्वीं होत्या तेथें वर्षांतून एकदां दोन-तीन दिवस त्या मुळींच वाजत नसत. त्या दिवसांत घंटेच्या ठिकाणीं 'मात्राक' नांवाचें लांकडी खुळखुळें वाजे, आणि देवळांत दिवे एकामागून एक मालवीत रात्रीचें गायन होई. घंटांची चौकशी आम्हीं केली; त्या गायनाची केली नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या गायनाचें स्वरूप सांगून, त्याच्या शेजारीं ठेवून आपलीं मराठी ख्रिस्तपुराणें कशीं वाचावीं याविषयीं आमचें मत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

रोमन कॅथलिक संप्रदायांत ईस्टरपूर्वींच्या गुरुवार, शुक्रवार व शनिवार या तीन दिवसांचीं रात्रीचीं व पहाटेचीं स्तोत्रें आदल्या सायंकाळींच गाण्याचा प्रघात शतकानुशतकें होता. म्हणजे गुरुवारचा विधि बुधवारीं, शुक्रवारचा गुरुवारीं आणि शनिवारचा शुक्रवारीं. लॅटिनमध्यें यास 'तेनेब्रे' म्हणत. अर्थ सरळ 'अंधार' असा आहे. पोर्तुगिजांचा शब्द 'त्रेव्हश', त्याचाही अर्थ तोच. लेखनाच्या सोयीकरितां आम्ही यास तमोविधि म्हणूं.

वेदीसमोर एक त्रिकोणी दीपवृक्ष उभा करीत. त्यावर न धुतलेल्या पिंवळट मेणाच्या पंधरा वाती. रात्रीच्या भागांत नऊ स्तोत्रें व पहाटेच्या भागांत पांच, अशीं चौदा स्तोत्रें होत, आणि प्रत्येक स्तोत्र संपलें कीं एक वात मालवली जाई. चौदा वाती गेल्यावर शेंड्यावरची पंधरावी उरे. ती मालवीत नसत. पेटती असतांनाच वेदीच्या मागें नेऊन लपवीत. मग पूर्ण अंधारांत पश्चात्तापाचें एक स्तोत्र हलक्या सुरांत म्हणत, व त्यानंतर ग्रंथ किंवा हात बाकांवर आपटून एक गोंधळ उठवीत. भूकंपाची ती आठवण. लपविलेली वात परत आणिली कीं गोंधळ थांबे, आणि कोणी कांहीं न बोलतां लोक घरोघर जात.

पहाटे काकडा पेटवून देवास जागें करण्याची आपली रीति ज्यांच्या अंगवळणीं पडली आहे त्यांस हा उलटा क्रम चमत्कारिक वाटेल. परंतु या विधीचें सामर्थ्य जें घडतें त्यापेक्षां जें गाळलें जातें त्यांत अधिक आहे. एरवीं प्रत्येक स्तोत्राच्या शेवटीं त्रैक्याच्या गौरवाचें जें चरण येतें तें या तीन रात्रीं येत नाहीं. आरंभींचें आवाहन नाहीं, गीत नाहीं, आशीर्वचन नाहीं. एकेक नित्याची गोष्ट काढून घेत घेत जें शेष राहतें तोच हा विधि. नऊ स्तोत्रांचे तीन खंड करीत. प्रत्येक खंडांत तीन पाठ व प्रत्येक पाठानंतर एक प्रतिगीत. असे तीन रात्रींत मिळून सत्तावीस पाठ व सत्तावीस प्रतिगीतें. पहिल्या खंडाचे पाठ यिर्मयाच्या विलापांतून, दुसऱ्याचे संत ऑगस्टिनच्या स्तोत्रभाष्यांतून, तिसऱ्याचे पौलाच्या नांवावर चालणाऱ्या पत्रांतून. वधस्तंभाची कथा क्रमानें सांगणारा पाठ यांत एकही नाहीं. ज्यास कथा ठाऊक आहे त्याच्यासाठींच हा विधि आहे, हें ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग होईल.

यिर्मयाचे विलाप मराठी बायबलांत 'विलापगीत' या नांवानें आहेत. पोथ्यांच्या अभ्यासकानें त्यांकडे विशेष लक्ष द्यावें असें एक कारण आहे. मूळ हिब्रूंत पहिला, दुसरा व चवथा अध्याय बावीस बावीस कडव्यांचा असून प्रत्येक कडव्याचा आरंभ हिब्रू वर्णमालेच्या क्रमानें एकेका अक्षरानें होतो. तिसऱ्यांत सहासष्ट कडवीं आहेत. तेथें प्रत्येक अक्षरास तीन. आपल्याकडे शिवपंचाक्षर स्तोत्राचे पांच श्लोक न, म, शि, वा, य या अक्षरांनीं सुरू होतात, त्याच जातीची ही रचना. आतां भाषांतर झालें कीं असा क्रम मोडतो. ग्रीक व लॅटिन भाषांतरकारांनीं तो मोडला, पण त्याची खूण टाकली नाहीं. कडव्याच्या आधीं त्या अक्षराचें नांव तेवढें लिहून ठेविलें: आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ. म्हणजे ही नांवें मूळ काव्याचा भाग नव्हेत. तीं पोथीच्या समासांतल्या खुणांसारखीं आहेत.

आणि तमोविधींत या खुणाच गायिल्या जात. नुसत्या गायिल्या जात असें नव्हे. सबंध पाठांत सुरांचा फुलोरा सर्वांत अधिक कोठें असेल तर तो या अक्षरनामांवर. ज्या शब्दास अर्थ नाहीं त्यावर आलाप, आणि ज्यास अर्थ आहे तें साध्या पठणाच्या सुरांत. स्पेनच्या व्हिक्तोरियाचा पवित्र सप्ताहाच्या गीतांचा ग्रंथ १५८५ मध्यें रोमास छापला गेला. त्याच्यासारख्या रचनाकारांनीं 'आलेफ' या एका शब्दावर अनेक कंठांचें विणकाम केलें आहे. लेखनिकाची खूण गवयाच्या हातीं जाऊन काव्याहून वरचढ ठरावी याचें याहून मोठें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. शनिवारचा तिसरा पाठ पांचव्या अध्यायांतला. त्यांत बावीसच कडवीं असलीं तरी अक्षरक्रम मुळांतच नाहीं, म्हणून गाण्यांतही तेथें अक्षर नाहीं. चार शतकांपूर्वीं गोव्यांत तो पाठ ऐकणाऱ्या मुलासही ती उणीव कानाला जाणवली असेल.

गोव्यांत हें कोण गात असे? फ्रान्सिस्कन, डोमिनिकन व ऑगस्टिनियन या संघांचे साधु मठांत एकत्र बसून दिवसरात्रीचीं स्तोत्रें गाण्याच्या नियमानें बांधलेले होते. जेसुइट संघाच्या घटनेंत मात्र तसें बंधन मुद्दाम ठेविलेलें नव्हतें. त्यांचा पाद्री आपलीं स्तोत्रें एकटाच म्हणे. बारदेश प्रांत फ्रान्सिस्कनांकडे व साष्टी जेसुइटांकडे होती. आणि फादर स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरल्यावर १६१९ मध्यें त्याचा अंत होईपर्यंत त्याचें कार्य मुख्यतः साष्टींत झालें. राशोल येथें १६१६ मध्यें छापलेलें त्याचें ख्रिस्तपुराण, १६२९ व १६३४ मध्यें दोन भागांत आलेलें एतिएन द ला क्रुआचें पीटरपुराण, १६५५ चें आंतोनियु साल्दाञचें संत अंतोनीचें चरित्र, हे तिन्ही ग्रंथ जेसुइटांचे आहेत. फ्रान्सिस्कनांनीं मराठी-कोंकणींत लिहिलेंच नाहीं असें कोणी समजूं नये. पण ज्या प्रांतांत मठाचें रात्रगायन नित्याचें नव्हतें त्या प्रांतांत मोठीं ओवीबद्ध पुराणें उभीं राहिलीं, हा केवळ योगायोग आहे असें आम्हांस वाटत नाहीं. रात्रीं बसून ऐकावें असें कांहीं तरी लोकांस हवें होतें.

ख्रिस्तपुराणाविषयीं मराठींत जें लिहिलें जातें तें बहुधा मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्यांपाशीं सुरू होऊन तेथेंच संपतें. परकीयानें आपल्या भाषेचा गौरव केला याचा आनंद होणें स्वाभाविक आहे. पण सुमारें अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाचें तेवढ्यावरून मूल्यमापन करणें म्हणजे देवळाच्या दारावरची वेल पाहून परत फिरणें होय. पहिल्या पुराणाचे छत्तीस व दुसऱ्याचे एकूणसाठ अवस्वर आहेत. दुसऱ्या पुराणांत ख्रिस्ताच्या दुःखभोगाचें जें आख्यान येतें त्यावर टीकाकार फारसे थांबत नाहींत, आणि थांबले तर तें लांबलेलें आहे अशी तक्रार करतात. ही तक्रार आम्हांस अर्धीच मान्य आहे.

लॅटिन स्तोत्राचें कडवें मध्यें दुभंगतें. पहिला अर्ध म्हणून गायक थांबतात, श्वास घेतात, मग दुसरा अर्ध. आणि पुढचें कडवें समोरचा गट उचलतो. त्याची गति थांबण्याची आहे. ओवीची गति याच्या उलट. तीन चरणांचें यमक ऐकणाऱ्यास पुढें ढकलतें व चवथें आंखूड चरण त्यास पुढच्या ओवीच्या दारांत नेऊन सोडतें. कथा सांगण्यास याहून सोयीचें वाहन नाहीं, हें ज्ञानदेव-एकनाथांपासून श्रीधरापर्यंत सर्वांनीं दाखविलें आहे. परंतु शोकास पुढें जावयाचें नसतें. त्यास एका ठिकाणीं बसावयाचें असतें. स्टीफन्सपुढें ही अडचण होती. त्याच्या हातीं पुढें धांवणारें वृत्त व शुभवर्तमानांनीं आंखून दिलेला घटनाक्रम. आणि प्रसंग असा कीं जेथें मंडळी थबकली पाहिजे. कागदावर वाचणाऱ्या एकट्या वाचकास हें थबकणें दिसत नाहीं, त्यास फक्त लांबी दिसते. पण चातुर्मासांत ज्यानें हरिविजय किंवा पांडवप्रताप लावलेला ऐकला आहे त्यास ठाऊक आहे कीं पोथी लागते तेव्हां वाचणारा एक, अर्थ सांगणारा दुसरा, आणि कोठें थांबावयाचें हें श्रोत्यांच्या डोळ्यांकडे पाहून ठरतें. खुद्द ख्रिस्तपुराणाची मांडणीही पाद्रीगुरु सांगतो व श्रोता शंका विचारतो अशा संवादाची आहे. तें पुराण बैठकीसाठीं लिहिलें आहे, आणि बैठकींतच त्याचें माप घेतलें पाहिजे.

येथें तमोविधीचा उपयोग होतो. वर सांगितलें कीं त्या विधींत कथा नाहीं. नुकत्याच बाटलेल्या साष्टीकराच्या दृष्टीनें पहा: परकी भाषेंत तासभर गायन, एकेक करून मालवणाऱ्या वाती, शेवटीं अंधारांत दणदणाट. त्याच्या डोळ्यांस सर्व मिळालें, पण अर्थ मिळाला नाहीं. पुराणानें तो अर्थ दिला. उलट पुराणास जें साधत नव्हतें तें थबकणें, ती निःशब्दता, तो अंधार, विधीनें आधींच देऊन ठेविला होता. तेव्हां स्टीफन्सच्या दुःखभोग-आख्यानांत विधीची गूढता नाहीं म्हणून त्यास उणें लेखणें किंवा तें विधीच्या जागीं आणिलें असें म्हणणें, दोन्हीही चुकीचें. ज्यानें त्या सप्ताहांत वात मालवतांना पाहिली आहे अशा श्रोत्याला गृहीत धरून तें लिहिलें गेलें, असें आमचें अनुमान आहे. तें मान्य केलें तर आख्यानांतील संथ, तपशीलवार, कोठेंही नाट्याचा हव्यास न धरणारी सांगण्याची रीति दोषासारखी वाटत नाहीं. तरीही कांहीं ठिकाणीं पुनरुक्ति आहे ती आहेच. तिला आम्ही गुण म्हणणार नाहीं.

गोव्याहून वसईकडे आलों म्हणजे प्रकरण निराळें होतें. उत्तर कोंकणच्या बोलींत रचलेलें, केवळ ख्रिस्ताच्या मरणाचें व दुःखभोगाचें असें एक पुराण फ्रान्सिस्कु व्हाझ द गिमारांइश या पाद्र्याच्या नांवावर आहे. त्याचें मुखपृष्ठ पोर्तुगीज, त्यावर सन १६५९, आंतील मजकूर रोमन लिपींतील मराठी. १८४५ मध्यें तें मुंबईस पुन्हां छापलें गेलें. साष्टी बेटांतील व वसईकडील किरिस्ताव तें ईस्टरपूर्वींच्या उपासकाळांत गात. कर्तृत्वाविषयीं मात्र सावध असावें. याच नांवाच्या पाद्र्याची, जवळजवळ याच मथळ्याची, चार शुभवर्तमानांस अनुसरून रचलेली दुःखभोगाची नाट्यकृति पोर्तुगिजांत सोळाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. मथळ्याबरोबर मूळ ग्रंथकाराचें नांवही मराठी पुस्तकावर उतरलें आणि ज्यानें ओव्या बांधल्या तो अनामिक राहिला, असें मानणें आम्हांस अधिक संभाव्य दिसतें. आपल्याकडे नामदेवाच्या मुद्रेखालीं किती जणांचे अभंग गेले हें ज्यांस माहीत आहे त्यांस यांत नवल वाटूं नये.

स्टीफन्सच्या शेजारीं ठेवलें असतां हें पुराण वाङ्मयगुणांत फिकें पडतें हें उघड आहे. स्टीफन्सपुढें मराठी पुराणांचा नमुना होता. 'वैकुंठ' हा शब्द त्यानें स्वर्गासाठीं निःसंकोच घेतला. वसईच्या पुराणांत ती ग्रंथीं मुरलेली भाषा नाहीं. रोजच्या बोलण्यांतले शब्द व पोर्तुगीज शब्द शेजारीं शेजारीं बसले आहेत. म्हणून विद्वानांनीं तें बाजूस सारलें. आमचा आक्षेप नेमका येथें आहे. सतराव्या शतकांत उत्तर कोंकणचा सामान्य मनुष्य कसा बोलत होता याचें इतकें लांब, इतकें सलग साधन दुसरें कोणतें आहे? बखरकार तसा बोलत नाहीं, पत्रलेखक तर नाहींच. आणि टिकण्याच्या दृष्टीनें पाहिलें तर हें 'अडाणी' पुराणच अधिक भाग्यवान निघालें. १७३९ च्या तहांत राहिलेल्या किरिस्तावांस धर्मपालनाची मोकळीक मिळाली. पण पोर्तुगीज मठ गेले, व त्यांबरोबर मठांतलें लॅटिन रात्रगायन गेलें. पुराण गाण्यास मठ लागत नव्हता. ओसरी पुरत होती.

गोव्यांतही मठ फार दिवस राहिले नाहींत. जेसुइट १७५९ मध्यें काढले गेले, इतर संघ १८३५ मध्यें बंद झाले. जुन्या गोव्यांतील ऑगस्टिनियनांच्या देवळाचें छत १८४२ मध्यें बसलें आणि १९३१ मध्यें मनोऱ्याचा बराच भाग ढासळला. आतां एक उंच भग्न भिंत उभी आहे. भाषेवरही घाव पडला होता: आल्व्होरच्या काउंटाच्या १६८४ च्या आज्ञेनें तीन वर्षांच्या आंत देशी भाषा सोडण्यास सांगितलें होतें. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तीन छापील आवृत्त्यांपैकीं एकीचीही प्रत आज हातीं नाहीं. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांवर. त्यांच्याच आधारें मंगळूरास १९०७ मध्यें जोसेफ साल्दाञ यांनीं रोमन लिपींत आवृत्ति काढली. १९५६ मध्यें पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं तें देवनागरींत आणिलें. मार्स्डेनच्या संग्रहांतील देवनागरी प्रत लंडनच्या प्राच्यविद्या-विद्यालयांत आहे व तिच्याकडे जस्टिन अ‍ॅबट यांनीं लक्ष वेधलें होतें. स्वतः स्टीफन्सनें १६०८ मध्यें रोमास पत्र लिहून देशी अक्षरांत छापण्याची परवानगी मागितली होती. खिळे सहाशें लागतात, पण ते दोनशेंवर आणतां येतील, असा हिशेबही त्यानें दिला होता. ते खिळे पडले असते तर आमचें बरेंच काम वांचलें असतें.

लॅटिन विधीची गोष्टही शेवटास आली. १९५५ च्या नोव्हेंबरांत पोप बाराव्या पायसच्या काळीं रोमहून जी आज्ञा निघाली तिनें १९५६ च्या पवित्र सप्ताहापासून हीं स्तोत्रें आदल्या सायंकाळीं गाण्याची मुभा बहुतांशीं काढून घेतली. सकाळच्या उजेडांत वाती मालवून काय साधणार? विधि कागदावर राहिला, अंधार गेला. आमचें खामगांव ज्या अमरावती धर्मप्रांतांत मोडतें तो प्रांत नागपुरापासून निराळा झाला तो याच १९५५ सालीं. म्हणजे वऱ्हाडास स्वतंत्र धर्मप्रांत म्हणून जुन्या रीतीचा तमोविधि जेमतेम एका सप्ताहापुरताही लाभला नाहीं.

मग खामगांवच्या कापूसपेठेंत बसून या विषयाशीं आमचा काय संबंध, असें एखादा संग्राहक विचारील. संबंध लिपीचा आहे. लोणार-मेहकरच्या या मुलखांतून चक्रधर हिंडले. येथल्या महानुभाव पोथ्या सकळ लिपींत बंद होत्या तोंवर त्यांतील मराठी कोणास मराठी वाटत नव्हती. राजवाड्यांनीं ती लिपि उकलली आणि एका शतकाचें वाङ्मय उघडें झालें. रोमन लिपींतील मराठी पोथी हातीं आली असतां आमचे संग्राहक तीच चूक आज करतात. अक्षरें वाचतां येतात, पण 'हें परभाषेचें' म्हणून वही बाजूस पडते. मोडी शिकण्यास ज्यांनीं महिने घातले त्यांनीं या वहीस एक सायंकाळ दिली तर पुरे आहे.

दुसरी अडचण चालीची, आणि ती खरी अडचण आहे. पोपच्या खाजगी देवळांत तमोविधीच्या अखेरीस गायिली जाणारी आल्लेग्रीची रचना बर्नी यानें १७७१ मध्यें लंडनास छापली. पण ज्या अलंकारांमुळें ती रचना ख्यातीस चढली ते अलंकार त्या छापांत नव्हते. ते गवयांच्या गळ्यांत होते. जेथें स्वरलेखनाची विद्या होती तेथें ही गत, तर आपल्या पुराणांच्या चालींची काय कथा! गोव्यांत उपासकाळांतील मोतेत नांवाचीं गीतें अजून गायिलीं जातात, व त्यांच्या हस्तलिखित वह्या गायकांच्या घराण्यांतून आहेत. त्यांत स्वर तरी लिहिलेले असतात. पुराणाच्या वहीवर बहुधा शब्दच. म्हणून ज्या वाचकांपाशीं अशी वही असेल, मग ती कोणत्याही लिपींत असो, त्यांस आमची विनंति आहे कीं तिची नोंद करतांना आरंभ व शेवट उतरून थांबूं नये. ओवीच्या मध्यें श्वासाची किंवा थांबण्याची खूण आहे काय, कोठें कडवें दोनदां म्हणण्याचा आंकडा आहे काय, कोणती पानें बोटांनीं अधिक मळलीं आहेत, कोठें मेणाचे थेंब पडले आहेत, हें पाहून लिहावें. आणि त्या घरांत ती चाल म्हणणारें कोणी वृद्ध माणूस असेल तर वही मागण्यापूर्वीं त्याच्याजवळ बसून ती ऐकावी.